वेगळ्या पंगतीचे यजमान

मस्कतच्या मे महिन्यात अंगात लोकरीचा स्वेटर घालून भर दुपारी रस्ता ओलांडणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. निळा, पूर्ण बाह्यांचा स्वेटर, कोपरांवर हिरव्या लोकरीने रफू केलेला. डोक्यावर माकडटोपी, तीही वर गुंडाळलेली. टॅक्सीवाले हॉर्न वाजवायचे. बाजारातले हमाल "बर्फवाला आला" म्हणून ओरडायचे. पण त्या स्वेटरवाल्यांच्या चालीत तसूभर फरक पडायचा नाही.

अल मवालेहच्या फळ-भाजी बाजारात एका ओमानी व्यापाऱ्याच्या सहा कोल्ड रूम त्यांच्या ताब्यात होत्या. प्रत्येक खोलीचं तापमान वेगळं, आणि सहाही आकडे त्यांना आपल्या मुलींच्या वाढदिवसांसारखे पाठ. "दिवसातून पन्नास वेळा आत-बाहेर करायचं," ते म्हणायचे. "दर वेळी काढा, दर वेळी घाला, तर बटणं टिकतील का? घाम काय, तो असाही येतोच."

आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. नाव लिहीत नाही, त्यांना आवडणार नाही.

मला पत्रकं लिहायची सवय. पत्रकात माणूस नसतो, मागणी असते. काकांवर मी एकदा अख्खं पत्रक लिहिलं होतं. त्यांचं नाव न घेता आणि त्यांच्याविरुद्ध. तेव्हा आता माणूसही लिहिला पाहिजे, एवढा न्याय मला कळतो.

काकांशी वाद घालायचा असेल तर कोल्ड रूममध्ये जावं लागायचं. हा त्यांचा नियम. ड्रायव्हर पेट्या कमी घेऊन आला, कुणाची ड्यूटी चुकली, कुणाचं लग्न मोडायला आलं, काहीही असो. काका जाड दरवाजाची कडी वर करायचे आणि म्हणायचे, "चला आत." आत संत्र्यांच्या पेट्यांमध्ये चार अंशांत उभं राहून आपलं म्हणणं मांडायचं. "बाहेर माणूस भाषण करतो," ते म्हणायचे. "आत मुद्द्याचं बोलतो." शेजारच्या गाळ्यात रत्नागिरीचे एक मुसलमान व्यापारी होते, आम्ही त्यांना चाचा म्हणायचो. ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "ह्याच्याशी भांडायचं असेल तर रजई घेऊन या. माझ्या गोदामात आहेत दोन, भाड्याने देतो."

नव्वदीच्या शेवटाशेवटाची गोष्ट. आमची वीस-बावीस कुटुंबं तेव्हा मस्कतपासून रुस्ताकपर्यंत विखुरलेली होती. आमची म्हणजे, ज्यांच्या आजोबांना गावच्या विहिरीला हात लावू देत नव्हते त्यांची. इथे कुणी गॅरेजात फोरमन, कुणी ड्राफ्ट्समन, माझी आई रुस्ताकच्या बाजूला सरकारी इस्पितळात नर्स. वर्षातून एकदा, एप्रिलातल्या जयंतीच्या आसपासच्या शुक्रवारी, सगळे मवालेहला बाजारामागच्या रिकाम्या शेडमध्ये जमायचे. फोटोला हार, मग जेवण, मग काकांची प्रश्नमंजुषा. फक्त आपल्या पोरांसाठी. शेडचा मालक, म्हणजे काकांचा अर्बाब, तोच ओमानी व्यापारी, याला दर वर्षी वाटायचं की कुणाचं तरी लग्न आहे. तो दारात येऊन "मबरूक, मबरूक" म्हणून जायचा. काकांनी त्याचा गैरसमज कधी दूर केला नाही. "शुभेच्छा आहेत. घ्याव्यात."

काकांचं स्वतःचं कुटुंब रायगडातल्या गावी. त्यांच्या पगारात फॅमिली व्हिसा बसत नव्हता. दोन्ही मुली तिकडे वाढल्या, आणि ते इथे दुसऱ्यांच्या मुलांना प्रश्न विचारत बसले.

ही प्रश्नमंजुषा जगात दुसरीकडे कुठे चालत नसेल. टीम नाही. बझर नाही. कुणी बाद होत नाही. पाच वर्षांपासून पंधरा वर्षांपर्यंतची सगळी पोरं सतरंजीवर गोल बसणार आणि प्रश्न गोल फिरणार. वेळ संपली की घड्याळ घेऊन बसलेले चाचा "खलास!" म्हणून ओरडणार. बरोबर उत्तराला एक मार्क. उभं राहून, खणखणीत आवाजात "माहीत नाही" म्हटलं तर अर्धा. अंदाजपंचे ठोकलं तर शून्य. आणि उत्तर देताना आईबापाकडे बघितलं तर एक मार्क कापला. आईबापांना यावर फार राग यायचा, कारण सगळ्यांचे मार्क त्यांच्यामुळेच जायचे.

प्रश्न पेट्यांच्या पुठ्ठ्यांवर लिहिलेले असायचे. प्रत्येक प्रश्नाला फळाचा वास. आणि प्रश्न असे, की ज्यांचं उत्तर काकांनी स्वतः जाऊन तपासलेलं आहे. रुस्ताकच्या फलजचं पाणी एका बागेला किती वेळ मिळतं? फलज म्हणजे तिथला जुना पाट. यासाठी ते सुट्टीच्या दिवशी त्या पाटाच्या कडेला स्वेटर घालून बसले होते आणि तिथल्या म्हाताऱ्यांनी त्यांना ताप आलाय समजून लिंबूपाणी पाजलं होतं. डाळिंबाच्या पेटीत वरचा थर लाल आणि खालचा फिका का असतो? राज्यघटनेच्या पहिल्या ओळीतला पहिला शब्द कोणता? हा घटनेचा प्रश्न दर वर्षी असायचा, आणि दर वर्षी कुणीतरी चुकायचं.

पण सगळ्यात विचित्र होतं त्यांचं बोलणं. ते पाच वर्षांच्या पोराला अहो-जाहो करायचे. "हं, ताई, उठा. सांगा. घाई नाही." इंग्रजी शाळेत जाणारी आमची पोरं, त्यांचं मराठी अडखळणारं, ती बिनधास्त म्हणायची, "काका, तू परत वाच ना." आणि काका म्हणायचे, "वाचतो. ऐका हं तुम्ही." एकदा आईने हसून विचारलं, शेंबड्या पोरांना कसलं अहो? काका म्हणाले, "माझ्या बापाला साठी उलटेपर्यंत गावातलं शेंबडं पोरगं अरे म्हणायचं. तेवढी अहो शिल्लक पडलीत आमच्या घरात. कुठेतरी वापरायला नकोत?"

मी पहिल्यांदा बसले तेव्हा अकरा वर्षांची होते. मला एक उत्तर येत नव्हतं आणि येत नाही म्हणायचंही नव्हतं. मी उभी राहिले आणि गप्प. चाचा खलास म्हणणार, तर काकांनी हात वर करून त्यांना थांबवलं. "ताईंना वेळ द्या." सगळी शेड माझ्याकडे बघत होती. शेवटी मी रडत, ओरडून, रागाने म्हटलं, "माहीत नाही!" काका म्हणाले, "वा. अर्धा मार्क." मला आजही कळत नाही की त्या अर्ध्या मार्काने मला इतका आनंद का झाला. बक्षीस म्हणून डाळिंबांची पेटी मिळाली. पहिल्या नंबरलाही पेटी, शेवटच्यालाही पेटी. पुढची चार वर्षं मी पहिली येत गेले. पेट्या तेवढ्याच.

मग मी पुण्याला कॉलेजात गेले.

तिथे प्रश्नमंजुषेच्या संघात निवड होती. मी फॉर्मवर लिहिलं, चार वेळा प्रथम. एका मुलाने, सभ्य मुलगा, शिवी वगैरे न देणारा, फॉर्म वाचला आणि विचारलं, "हे कसलं? अच्छा, तुमच्या-तुमच्यातलं." बस्स. दोन शब्द. माझे चार पहिले नंबर त्याने दोन शब्दांत खोडले. मी संघात निवडले गेले, त्याला हरवलंही, पण ते दोन शब्द कानात राहिले. त्याच वर्षी मी चळवळीतल्या एका विद्यार्थी संघटनेत गेले. पत्रकं लिहायला शिकले. आणि जे पहिलं पत्रक मला मनापासून लिहावंसं वाटलं, ते काकांच्या स्पर्धेवर होतं.

शीर्षक: 'वेगळी पंगत उठवा!'

मुद्दे मला अजून पाठ आहेत. वेगळं पाणी, वेगळी पंगत, वेगळा पाणवठा, हे आमच्यावर लादलं गेलं. मग आता परदेशात, एकविसाव्या शतकात, आम्हीच आमच्या हाताने वेगळी सतरंजी का अंथरायची? आपापसातल्या बक्षिसाला बाहेर किंमत काय? आमच्या मुलांनी कुरुमला, मस्कतच्या मराठी मंडळाच्या खुल्या स्पर्धेत, सगळ्यांच्या बरोबरीने का बसू नये? जो स्वतःला वेगळा ठेवतो, त्याला वेगळं ठेवणाऱ्यांचं काम सोपं होतं.

मला अजूनही हे पत्रक वाईट वाटत नाही. सांगून ठेवते.

सुट्टीत घरी आले आणि रुस्ताकच्या एका झेरॉक्सवाल्याकडून दोनशे प्रती काढल्या. बेत असा, की मवालेहला वाटायच्या आणि कुरुमलाही. आईने गठ्ठा बघितला आणि तिच्या हातातलं ताट खाली आलं.

"अगं बये, हे काय पुणं आहे? इथे परवानगीशिवाय कागद वाटतात का कुणी? माझी सरकारी नोकरी आहे. उद्या बोलावलं तर मी काय सांगू, मुलीची क्रांती चाललीय?"

"आई, हे आपल्या माणसांतलं आहे."

"मग आपल्या माणसांना तोंडाने सांग!"

तोंडाने सांगायलाही मी कमी केलं नाही. कुरुमला मंडळाचे कार्यवाह बसायचे, एका विमा कंपनीच्या ऑफिसात. मी थेट गेले. कुणाला न विचारता. काकांना तर नाहीच. कार्यवाह पुण्याचे, गोड बोलणारे. म्हणाले, "अगं, आम्हीही कधीपासून म्हणतोय, वेगळं कशाला? काळ बदललाय. तुमची एक टीम घेऊ या वर्षी. चार मुलं. पुढच्या वर्षीपासून तिकडची बंदच करा, सगळे इथेच या." मला वाटलं, किल्ला पडला. चार अर्जही मी तिथल्या तिथे भरून दिले.

मग मवालेहला गेले, गठ्ठा घेऊनच. काकांनी माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि कडी वर केली. "चला आत."

मी बिनबाह्यांच्या ड्रेसमध्ये होते. बाहेर बेचाळीस अंश.

त्यांनी पत्रक घेतलं आणि वाचायला लागले. अक्षर न अक्षर. मी दात वाजवत उभी. पान उलटून बघितलं. मागची बाजू कोरी. मग म्हणाले, "ताई, तुम्ही सफरचंद आणि केळी एका खोलीत ठेवाल का?"

"काका, हे काय..."

"सफरचंदाला एक अंश लागतो. केळ्याला तेरा. सफरचंदाच्या खोलीत केळं ठेवलं तर चार दिवसांत काळं पडतं. म्हणून केळ्याची खोली वेगळी. तिचा भाव कमी नाही. भाडं तेवढंच."

माझी थंडी पळाली. "काका, हे तुम्ही बोलताय? माणसं म्हणजे केळी आणि सफरचंदं? ज्याची त्याची जात, ज्याची त्याची खोली? हेच तर ते लोक हजार वर्षं सांगत आले! आम्ही काळे पडतो, असं म्हणायचंय तुम्हाला?"

त्यांनी एका पेटीचं झाकण सारखं केलं. मग म्हणाले, "हा मुद्दा बरोबर आहे. एक मार्क तुमचा. उदाहरण मागे घेतो."

असा माणूस मी संघटनेतही पाहिलेला नाही. खरंच सांगते.

"आता माझं ऐका," ते म्हणाले. "मी पहिल्यांदा कुरुमच्या स्पर्धेला खुर्च्या लावायला गेलो होतो. आपल्यातल्या एका ड्रायव्हरचा मुलगा बसला होता, इथे गावाकडून सुट्टीला आलेला. हुशार. त्याला विचारलं, अमक्या व्रताला नैवेद्य कशाचा? तो म्हणाला, आमच्यात नसतं. विचारणारा माईकमध्ये म्हणाला, तुमच्यात म्हणजे कुणात? सगळा हॉल हसला. कुणी वाईट हेतूने नाही हसलं, ताई. गंमत वाटली म्हणून हसले. पण त्या छोट्या साहेबांनी पुढच्या अकरा प्रश्नांना तोंड उघडलं नाही. त्यातल्या नऊंची उत्तरं त्यांना येत होती. मला माहीत आहे, मी नंतर गाडीत विचारली."

"मग? म्हणून कायम वेगळंच राहायचं?"

"कायम कोण म्हणतंय? पंगत दुसऱ्याने वेगळी बसवली तर अपमान. आपण बसवली तर आपण यजमान. यजमानाला पंगत उठवायचाही अधिकार असतो."

"मग उठवा."

"उठवू. पण जेवणाऱ्यांना विचारून." ते थांबले. "एकच टीम घेणार म्हणाले?"

"हो."

"चारच?"

"काका, सुरुवात आहे."

त्यांनी मान हलवली. "ठीक. चार जण कुरुमला जातील. तुम्ही घेऊन जा. आपली स्पर्धा यंदा त्यांच्यानंतरच्या शुक्रवारी. चालू ठेवायची की बंद करायची, ते पोरांना तिथेच विचारू. आणि हे कागद..." त्यांनी गठ्ठा काखेत मारला. "मागची बाजू कोरी आहे ना? यंदा पुठ्ठा कापायला नको."

त्या क्षणापासून माझी झोप उडाली. इतके दिवस मी मुद्दे मांडत होते. आता चार पोरं जाणार होती. माझ्या सहीने, माझ्या हट्टाने. त्यात एक गॅरेजवाल्या फोरमनची धाकटी मुलगी, दहा वर्षांची, आमच्याच रुस्ताकची. तिला मी धाकटी म्हणेन. तिचं मराठी म्हणजे इंग्रजी वाक्यात मराठी क्रियापद. मला रोज एकच चित्र दिसायचं: माईक, हॉल, तुमच्यात म्हणजे कुणात, आणि धाकटीचं मिटलेलं तोंड. काकांना मी म्हटलं, तुम्हीही चला. ते म्हणाले, "मी नको. पोरं माझ्याकडे बघतील. मार्क जातील."

गुरुवारी संध्याकाळी चाचांच्या गाडीतून निघालो. चाचा वाटेत पोरांना धीर देत होते. "घाबरायचं नाय. समजा हारलात, तर माझ्या गाळ्यावर या, कलिंगड कापतो. समजा जिंकलात, तर दोन कापतो."

कुरुमचा हॉल एसीने गार, खुर्च्यांना पांढरी कव्हरं. सहा टीम. प्रत्येकाने आधी नाव, आडनाव, गाव सांगायचं. मी पहिल्या रांगेत बसून नखं खात होते. आमच्या चौघांनी नावं सांगितली, आडनावं सांगितली. मोठ्याने. काही माना वळल्या. आडनावावरून वळतात तशा. मी त्या ओळखते. पण पोरांनी त्या माना बघितल्याच नाहीत. आईबापाकडे, लोकांकडे न बघता बोलायची पोरांना सवय होती.

मग आली संस्कृती फेरी. मला माहीतच होतं. प्रश्न धाकटीच्या वाट्याला: सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा करताना सगळं कोणत्या मापाने घेतात?

आमच्या घरात सत्यनारायण आलाच नाही. धाकटीच्या घरातही नाही. मी खुर्चीचे हात घट्ट धरले.

धाकटी उभी राहिली. पाठ ताठ. आणि हॉलच्या शेवटच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "माहीत नाही!"

हॉल हसला. जसा तेव्हा हसला असेल तसाच, गंमत वाटली म्हणून. धाकटी बसली नाही. ती वाट बघत उभी होती. प्रश्न विचारणारे गृहस्थ म्हणाले, "बाळ, बस. पुढच्या टीमला देऊ."

"अंकल, हाफ मार्क?"

"कसला?"

"मी ट्रू बोलले ना. आमच्या इथे हाफ देतात."

ते गृहस्थ गोंधळले. कार्यवाहांकडे बघायला लागले. कार्यवाह उठून म्हणाले, "नियमात नाही, पण..." आणि त्यांनाच हसू आलं. धाकटी म्हणाली, "ओके. मग इथे रूल चेंज आहे," आणि बसली. रूल समजून घेतल्यासारखी बसली. आणि पुढच्या प्रश्नाला, धरणावर होता, घंटा वाजायच्या आत तिने उत्तर दिलं. त्याच्या पुढच्यालाही.

मी बाहेर जाऊन कूलरचं पाणी तीन ग्लास प्यायले. इतकं हायसं मला ना परीक्षेत वाटलं, ना पुढे एका मोर्चानंतर पोलीस स्टेशनातून सुटताना. धाकटीचं तोंड मिटलं नव्हतं. लोक हसले, आणि तोंड मिटलं नाही. मग माझ्या डोक्यात आलं की हे तोंड उघडं राहायला कुठे शिकलं? आणि ते मला आवडलं नाही, कारण माझ्या पत्रकात त्याला मुद्दा नव्हता.

आमची टीम तिसरी आली. चाचांनी म्हटलं, "तिसऱ्याचं काय ठरलं नव्हतं," आणि दीड कलिंगड कापलं.

पुढच्या शुक्रवारी मवालेहची शेड भरली. तेवीस पोरं सतरंजीवर गोल. काका स्वेटरमध्ये, हातात माझ्या पत्रकांचा गठ्ठा. कोऱ्या बाजूला त्यांनी प्रश्न लिहिले होते. ते वाचायला कागद तोंडासमोर धरायचे आणि समोर बसलेल्या आईबापांना छापील बाजू दिसायची. प्रत्येक प्रश्नाला. 'वेगळी पंगत उठवा!' कांद्याने डोळ्यांत पाणी का येतं? 'वेगळी पंगत उठवा!' मस्कतहून मुंबई कोणत्या दिशेला? 'वेगळी पंगत उठवा!' माझं पत्रक दोन तास वाचलं गेलं. माझ्या कुठल्याही पत्रकाला तेवढे वाचक पुन्हा मिळाले नाहीत. आई तोंडावर पदर घेऊन हसत होती. कागद वाटले गेले नव्हते, हे तिला पुरेसं होतं. मला कुठे लपू असं झालं होतं.

शेवटी काकांनी गठ्ठा खाली ठेवला. "आता एक प्रश्न. याचं उत्तर मला माहीत नाही, त्यामुळे मार्क कसे देणार ते बघू. आपली ही स्पर्धा पुढच्या वर्षी हवी की बंद करायची? बंद केली तर कुरुमला जायचं. गोल फिरून प्रत्येकाने सांगायचं. कारणासकट."

सहा वर्षांचा एक जण म्हणाला, हवी, फळं देतात. एकीने सांगितलं, हवी, कारण आई इथे नवी साडी नेसते. एक चौदा वर्षांचा मुलगा म्हणाला, "बंद करा. इथे प्रश्न सोपे असतात." आईबाप कुजबुजले. काका खूश झाले. "वा! पूर्ण मार्क. साहेब, पुढच्या वर्षी तुमच्यासाठी अवघड आणतो. रडायचं नाही." मला वाटलं, माझ्या बाजूने एक तरी पडला.

मग धाकटी उठली.

"मला तिकडे आवडलं," ती म्हणाली. "बेल आहे. टेबल आहे. मी परत जाणार." मी आईकडे विजयाने बघितलं. "पण काका, तिकडे आम्ही फोरच बसलो."

"बरं?"

"इथे ट्वेंटी-थ्री बसतात." तिने गोलाकडे हात केला. "नाइंटीन कुठे बसणार? ते चेअरवर बसून बघणार. बघून काय येतं? मला पण आधी काही येत नव्हतं, इथे बसून आलं. हे बंद केलं तर नेक्स्ट टाइम तिकडे फोर कुठून नेणार?"

चाचांचं घड्याळ हातात तसंच, खलास म्हणायचं विसरले. मी संघटनेत वर्षभर अभ्यासवर्गांना बसले होते. समान संधी, प्रतिनिधित्व, सगळं शिकवलं होतं आणि मी इतरांना शिकवलं होतं. एक टीम, चार मुलं, हे मी स्वतःच्या हाताने भरून दिलं होतं, आणि मला ती साधी वजाबाकी करता आली नव्हती.

काकांनी माझ्याकडे बघितलं. "ताई, पत्रक तुमचं. तुमचं काय म्हणणं?"

भाषण करता आलं असतं. शेडमध्ये काही थंडी नव्हती. मी म्हटलं, "दोन्हीकडे जाऊ द्या." एवढंच. आणि काय सांगू, वाद हरल्यावर इतकं हलकं वाटतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं. त्या मुलाचे दोन शब्द, तुमच्या-तुमच्यातलं, तेव्हापासून घशात अडकले होते. तिथे बसल्या बसल्या ते खाली गेले. हो, आमच्या-आमच्यातलं. आम्ही सगळे बसतो त्यातलं.

मंडळ वाईट आहे, असं आता मी म्हणणार नाही. कार्यवाहांना मी नंतर फोन करून सांगितलं की आमची बंद होणार नाही आणि टीम तरीही येईल, आणि संस्कृती फेरीत कुणाची संस्कृती, तेही एकदा लिहून कळवा. ते जरा दुखावले. पुढच्या वर्षी त्या फेरीत फलजवर प्रश्न होता. आमच्या पोरांनी तो घेतला, दुसऱ्या कुणाला येतच नव्हता.

काका दोन वर्षांपूर्वी कायमचे गावी गेले. स्वेटर घालून रायगडात फिरतात म्हणे, आता म्हातारपणाची थंडी वाजते. शेड तीच आहे, प्रश्न धाकटी काढते, ती आता कॉलेजला निघालीय. यंदा मी सुट्टीत तिथे होते. स्पर्धा संपल्यावर शेडमधूनच त्यांना फोन लावला. मागे पोरांचा दंगा, मी एका कानावर हात ठेवून ओरडत होते. पहिलं कोण आलं, हे मी सांगायला लागले.

"ते राहू द्या, ताई," ते म्हणाले. "किती बसले?"

"एकतीस."

"आणि तिकडे किती गेले?"

"चार. आणि काका, यंदा ते म्हणाले, दोन टीम आणल्या तरी चालेल."

पलीकडे ते आकडे पुटपुटत मोजत होते.

"मग आठ होतील," ते म्हणाले. "एकतीसातून आठ गेले तर तेवीस. तेवीस चांगले, त्या वर्षी गोलात सगळे मिळून तेवढेच होते. चालू द्या."